वाचकांचे प्रश्न : कच्च्या वहीतला आकडा

या वेळची बहुतेक पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली आहेत. संशोधन करताना काय चालते आणि काय चालत नाही, हाच जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न आहे. पत्रलेखकांची नावे आणि संस्था आम्ही मुद्दाम गाळल्या आहेत, पत्रेही थोडक्यात दिली आहेत.

डाळिंबाच्या सालीपासून केलेला कोळसा कापड-रंगाईच्या सांडपाण्यातला रंग किती शोषतो, हा माझा पीएच.डी.चा विषय. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या यंत्रावर, एका सॅम्पलची पाच रीडिंग आली : ०.४१२, ०.४१८, ०.४१५, ०.४२१ आणि ०.४६८. शेवटचे काढले तर आलेख सरळ येतो. 'सगळेच काढतात, कोण बघतंय' असे मला सांगितले जाते. काढू का?
(संशोधक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

आलेख सरळ येतो, या कारणासाठी काढू नका. काढण्याचे दुसरे काही कारण सापडते का, ते आधी शोधा. तुमच्या प्रयोगात ते सापडण्याची शक्यता बरीच आहे.

कोळशाचे बारीक कण द्रावणात राहिले तर ते प्रकाश विखुरतात. यंत्राला ते शोषणासारखेच दिसते आणि रीडिंग वर जाते. तुमचे चुकार रीडिंग वरच्याच बाजूला आहे, म्हणून पहिला संशय इथे घ्यावा. रंग जिथे प्रकाश शोषत नाही अशा तरंगलांबीवर, बऱ्याच रंगांसाठी ७०० नॅनोमीटरच्या आसपास, तेच सॅम्पल पुन्हा वाचा. तिथेही आकडा शून्याजवळ आला नाही तर गढूळपणा आहे असे समजा. सॅम्पल पुन्हा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून कण तळाला बसवून, वाचा. त्याशिवाय क्युव्हेटच्या (यंत्रात द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीच्या) भिंतीला चिकटलेला बुडबुडा, काचेवरचे बोटांचे ठसे, क्युव्हेट उलट्या बाजूने बसणे, दिवा पुरेसा तापायच्या आत घेतलेले रीडिंग, ब्लँक (रंग नसलेले द्रावण) न तपासणे ही नेहमीची कारणे आहेत. यांतले एखादे सापडले आणि ते त्याच दिवशी वहीत लिहिले गेले, तर ते रीडिंग वगळता येते. कारण सहा महिन्यांनी प्रबंध लिहिताना आठवले तर त्याला किंमत नाही.

कारण सापडलेच नाही तर संख्याशास्त्राची एक चाचणी आहे, डिक्सनची क्यू चाचणी. संशयित आकडा आणि त्याच्या सर्वांत जवळचा आकडा यांतल्या फरकाला पूर्ण पल्ल्याने भागायचे. तुमच्या बाबतीत ०.४६८ वजा ०.४२१ म्हणजे ०.०४७, आणि पल्ला ०.४६८ वजा ०.४१२ म्हणजे ०.०५६. भागाकार सुमारे ०.८४ येतो. पाच रीडिंगसाठी ९५ टक्के विश्वासपातळीवर मर्यादा ०.७१० आहे. तुमचा आकडा तिच्या वर गेला, म्हणजे चाचणी वगळायला परवानगी देते. पण ही चाचणी एका संचावर एकदाच वापरायची. एक काढला, मग पुन्हा चाचणी, मग दुसरा काढला, असे करायचे नाही. तीनच रीडिंग असतील तर मर्यादा ०.९७० होते, म्हणजे तिथे वगळणे जवळजवळ अशक्यच. तीनपैकी 'न बसणारे' एक सोडून दोनांची सरासरी देण्याची जी सवय प्रयोगशाळांमध्ये दिसते, तिला कुठलीही चाचणी आधार देत नाही.

वगळले तर प्रबंधात तसे लिहा. 'पाचपैकी एक रीडिंग (०.४६८) क्यू चाचणीनुसार वगळले, पाचांची सरासरी ०.४२६८, चारांची ०.४१६५' एवढे एक वाक्य पुरते. दोन्ही सरासऱ्या समोर असल्या की फरक किती मोठा हे वाचणारा स्वतः ठरवतो आणि तुमच्यावर लपवाछपवीचा आरोप येऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती या आकड्याहून मोठी आहे. ही पाच रीडिंग एकाच फ्लास्कमधल्या द्रावणाची असतील तर तो पाच वेळा केलेला प्रयोग नव्हे. त्यातून यंत्र किती स्थिर आहे एवढेच कळते. तुमच्या कोळशाबद्दल बोलायचे तर किमान तीन वेगवेगळे फ्लास्क हवेत. प्रत्येकात कोळसा वेगळा तोललेला, द्रावण वेगळे मोजलेले. शक्य असेल तर कोळशाच्या दोन वेगळ्या खेपा. 'पाच रीडिंग'ला 'पाच प्रयोग' म्हणणे ही बहुतेक वेळा अज्ञानातून होणारी चूक असते, पण छापून आल्यावर वाचणाऱ्याची फसवणूक तेवढीच होते.

वही बांधीव ठेवा, सुट्या कागदांची नको. पानांना आधीच क्रमांक घाला आणि पेनने लिहा. चुकले तर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी तारीख व सही करा. व्हाइटनर प्रयोगशाळेत नसलेलाच बरा. यंत्राची मूळ फाइल जशी निघाली तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळी आकडेमोड तिच्या प्रतीवर करा.

'कोण बघतंय' याला उत्तर म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यान हेंड्रिक शोन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाचे शोधनिबंध धडाधड छापून येत होते. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत रेषेचे बारीक थरथरणे, म्हणजे यंत्राचा 'नॉइज', हुबेहूब सारखे आहे, हे इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. हे थरथरणे दोनदा तसेच येत नाही. चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या तेव्हा व्यवस्थित वह्या नव्हत्या आणि मूळ फाइली पुसलेल्या होत्या. २००२ मध्ये समितीने २४ पैकी १६ आरोपांत गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले. तेव्हा बघणारे असतात. ते उशिरा येतात आणि आधी वही मागतात.

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या प्रबंधाचा आधी छापलेल्या मजकुराशी सारखेपणा २७ टक्के आला. १० च्या खाली आणायला शब्द बदलून देणारे सॉफ्टवेअर वापरू का? माझा मित्र मराठीत प्रबंध लिहितो. त्याने एक प्रकरण इंग्रजी पुस्तकावरून भाषांतर करून घेतले, त्याचा सारखेपणा ३ टक्केच आला.
(संशोधक, अक्कलकोट रोड)

आधी नियम सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमावलीनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या सारखेपणाला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, प्रमाणित सूत्रे हे या मोजणीत धरत नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण किंवा योगायोगाने जुळणारे शब्दही सुटतात. तेव्हा अहवाल काढताना या गोष्टी वगळण्याची सेटिंग होती का, हे ग्रंथालयात विचारा. पुष्कळदा २७ चे १५ तिथेच होतात.

उरलेल्या टक्क्यांत रंगवलेला मजकूर कुठे आहे ते बघा. कार्यपद्धतीच्या प्रकरणात 'द्रावण १०० मिलिलिटर घेतले' अशी वाक्ये जुळणे साहजिक आहे. चर्चा आणि निष्कर्ष यांत सलग परिच्छेद जुळत असतील तर एकूण आकडा ८ टक्के असला तरी ती चोरीच.

शब्दबदलू सॉफ्टवेअर मात्र नको. त्याने मजकूर तुमचा होत नाही, बिघडतो. फ्रान्सचे गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे बिघडलेले शब्दप्रयोग शोधनिबंधांतून वेचून काढले. 'ब्रेस्ट कॅन्सर' या नेहमीच्या शब्दाच्या जागी 'बूझम पेरिल', म्हणजे साधारण 'वक्षस्थळाचे संकट'! अशा शब्दांवरूनच आता संशयित निबंध हुडकले जातात. चालेल असा उपाय जुनाच आहे. मूळ लेखातला भाग वाचा, लेख मिटा, काय कळले ते पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मग उघडून पडताळा. ज्याला मिटल्यावर लिहिता येत नाही, त्याला तो भाग कळलेला नाही.

तुमच्या मित्राचे ३ टक्के हे त्याचे निर्दोषत्व नव्हे, ती सॉफ्टवेअरची मर्यादा आहे. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे हीच वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे. भाषा बदलल्याने ती बदलत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्या विषयातला परीक्षक बसला की मूळ पुस्तक त्याच्या कपाटात असतेच, आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की तो कुणालाही, केव्हाही वाचता येतो. मित्राला सांगा, अजून प्रबंध दिलेला नसेल तर ते प्रकरण 'अमुक ग्रंथाच्या आधारे' असे स्पष्ट लिहून निम्म्यावर आणा आणि स्वतःची टीका जोडा. भाषांतर स्वतःच मोलाचे काम आहे, फक्त ते भाषांतर म्हणून द्यावे.

मी एम.एस.डब्ल्यू.ला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) आहे. कुंभारीच्या घरकुल वसाहतीतल्या १२० विडी कामगार महिलांच्या श्वसनाच्या तक्रारींवर प्रकल्प करायचा आहे. संमतीपत्राचा इंग्रजी नमुना मिळाला आहे. ओळखीतले एक गृहस्थ विडी कारखान्यात आहेत, ते म्हणतात 'सगळ्यांना एकत्र बसवून देतो, तासात सह्या होतील.' बरोबर होईल ना?
(विद्यार्थिनी, साखर पेठ)

नाही. कारखान्याच्या माणसाने बोलावले की आलेली बाई 'नाही' म्हणू शकत नाही. तिची पाने, तिच्या विड्यांची छाट (नापास ठरवणे), तिची मजुरी त्याच कारखान्यावर अवलंबून आहे. धुळीने खोकला होतो का, हे ती त्याच्यासमोर सांगणार नाही आणि सांगितले तर तिचेच नुकसान होऊ शकते. म्हणजे संमती खरी नाही आणि माहितीही खरी नाही. नीतिनियम संशोधनाच्या आड येतात असे पुष्कळांना वाटते. इथे तर नियम मोडला की आकडेच खोटे निघतात.

पहिले काम एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्याशी संबंधित सामाजिक अभ्यासालाही लागू आहेत. समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि निर्णयाला किमान ५ जण हजर लागतात. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे करार करून जाता येते. मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी हवी, मागाहून मिळत नाही. त्यासाठी कागदपत्रे लवकर द्या.

आता भाषा. या वसाहतीत कित्येक घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, आणि बाहेर मराठी. पण सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या अनेक बायकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, त्यामुळे छापील तेलुगू पत्रक काढून भागत नाही. मजकूर साध्या मराठीत लिहा, सोलापुरी तेलुगू बोलणाऱ्या व्यक्तीकडून बोलभाषेत करून घ्या, आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून तो परत मराठीत आणवा. 'सहभाग ऐच्छिक आहे' याचे परतताना 'भाग घ्यावा अशी इच्छा आहे' झाले असेल तर चूक तिथेच पकडता येते. मग पाच-सहा जणींना वाचून दाखवा आणि 'तुम्हाला काय कळलं ते सांगा' असे विचारा. 'कळलं का?' असे विचारू नका, त्याला सगळ्या 'हो' म्हणतात.

पत्रकात एवढे यावे : अभ्यास कशाचा, वेळ किती लागेल, काय विचारणार, तिला थेट फायदा नाही हे स्पष्टपणे, कधीही मधेच थांबता येईल आणि थांबल्याने काही बिघडणार नाही, शंका आली तर कुणाला फोन करायचा. लिहिता-वाचता न येणारीचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. तो तुमच्या गटातला नको, कारखान्यातला तर नकोच. बचत गटातली किंवा अंगणवाडीतली बाई चालेल. पत्रकाची एक प्रत तिच्याकडे राहिली पाहिजे.

मोबदल्याचा प्रश्न विद्यार्थी टाळतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणजे अर्धा तास बोलण्यात गेला तर तेवढ्या विड्या बुडाल्या. बुडालेल्या मजुरीइतकी भरपाई देणे रास्त आहे. त्याहून बरीच जास्त दिली तर पैशासाठी होकार येतो. चालू दराने अर्ध्या तासाचा हिशेब करा आणि तो समितीला आधी दाखवा.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे समजू नका. 'वय ४२, विधवा, तीन मुली, अमुक गल्ली' एवढ्यावरून वसाहतीतले कुणीही बोट दाखवील. वय गटात लिहा, ३५ ते ४४ असे. गल्ली लिहूच नका. नाव आणि क्रमांक यांची यादी मुख्य माहितीपासून वेगळी, कुलपात ठेवा. मोबाइलवर काढलेले फोटो व्हॉट्सअॅप गटात टाकणे पूर्ण बंद. मुलाखत सासू किंवा शेजारणीच्या समोर होत असेल तर काही प्रश्न दुसऱ्या दिवसावर टाका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेली बाई भेटणारच. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या निकषाने ती तपासणीला पाठवायची व्यक्ती आहे. 'मी फक्त माहिती गोळा करते' असे म्हणून पुढच्या घरी जाता येणार नाही. सिव्हिल किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात कुठल्या दिवशी, कुठल्या खिडकीवर जायचे हे आधी विचारून चिठ्ठ्या छापून जवळ ठेवा.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पाय थकतात, आणि राहिलेले फॉर्म पंख्याखाली बसून भरण्याचा मोह होतो. १२० मुलाखती दिवसाला सहा धरल्या तरी वीस दिवस लागतात. तेवढे दिवस नसतील तर नमुना ६० वर आणा आणि तसे लिहा, कमी नमुन्याला कुणी नापास करत नाही. गाइडनी प्रत्येक फॉर्मवर सुरू आणि संपल्याची वेळ लिहून घ्यावी, दहातल्या एका घरी स्वतः जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. घरी भरलेले फॉर्म ओळखू येतात. विड्यांचे आकडे सगळे शून्यावर संपलेले, एकही उत्तर 'माहीत नाही' नाही, कुणीही मधेच उठलेले नाही.

'तीन दिवसांत प्रकाशन, फी २,५०० रुपये, यूजीसी केअर मान्यता' असा ईमेल आला आहे. पाठवू का?
(सहायक प्राध्यापक, बार्शी)

पाठवू नका. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्या यादीचे नाव पुढे करणारा तुम्ही अद्ययावत नाही यावर भिस्त ठेवून आहे. त्या विषयातल्या निदान दोघांनी निबंध वाचायचा, शंका काढायच्या, तुम्ही उत्तरे द्यायची, हे तीन दिवसांत होत नाही. फी घेणारे प्रत्येक नियतकालिक लबाड नसते, पण फी आणि पद्धत आधीच संकेतस्थळावर लिहिलेली असते. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, त्याच्या अधिकृत पोर्टलवर घालून तिथे येणारा पत्ता आणि ईमेलमधला पत्ता जुळतो का ते बघा. खऱ्या नियतकालिकाची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळणारी संकेतस्थळे आहेत. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर पत्र टाकून विचारा, अनेकांना आपले नाव तिथे आहे हे ठाऊकच नसते. तुमच्या विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी, २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंधाची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढा बघावा.

सांगोल्याला माझी डाळिंबाची बाग आहे. एका जैविक औषधाचा प्रतिनिधी 'संशोधनाने सिद्ध, तेल्या रोग ८० टक्के कमी' असे छापील पत्रक देऊन गेला. विश्वास ठेवावा का, आणि स्वतः तपासायचे कसे?
(शेतकरी, सांगोला तालुका)

प्रयोगशाळेतल्या माणसांना सुचत नाही असा प्रश्न तुम्ही विचारलात.

आधी बाटलीचे लेबल वाचा. 'रोग बरा करते' असा दावा करणारे औषध १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले लागते आणि नोंदणी क्रमांक लेबलवर असतो. 'जैविक' म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही. क्रमांक नसेल तर पुढचे विचारायचीही गरज नाही.

मग प्रतिनिधीला तीन गोष्टी विचारा. ८० टक्के कशाच्या ८० टक्के? शंभरातली १० फळे डागाळत होती ती २ झाली तरी ८० टक्के कमी, आणि ५० ची १० झाली तरी ८० टक्केच. पहिल्यात तुमची ८ फळे वाचली, दुसऱ्यात ४०. दुसरी गोष्ट, औषध न मारलेली झाडे त्याच बागेत, त्याच बहारात होती का? तेल्या हा जिवाणूचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीवरून पसरतो. मृग बहाराची फळे पावसात वाढतात, तिथे तेल्या जोरात असतो. हस्त बहारात हवा कोरडी होत जाते आणि रोग आपोआप कमी दिसतो. आधीचे फोटो मृगाचे आणि नंतरचे हस्ताचे असतील तर श्रेय हवेचे आहे. तिसरी गोष्ट, फळे मोजली कुणी? औषध विकणाऱ्यानेच मोजली असतील तर हलक्या डागाचे फळ 'चांगल्या'त जाते. तो मुद्दाम करतो असेही नाही, डोळ्याला हवे ते दिसते.

स्वतः तपासायचे तर असे करा. तुमची नेहमीची फवारणी, नेहमीची अधिक नवे औषध, आणि नेहमीच्या फवारणीत तेवढेच साधे पाणी वाढवलेले, असे तीन प्रकार. पाण्याचा प्रकार यासाठी की जास्तीची फवारणी झाडाला वेगळी वागवते, आणि फरक औषधाचा की फवारणीचा हे कळले पाहिजे. बागेचे पाच पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात जमीन आणि पाणी सारखे हवे. पट्ट्यात तिन्ही प्रकार एकदा येतील. कुठला कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, मनाने नको, नाहीतर चांगली झाडे नव्या औषधाच्या वाट्याला जातात. प्रत्येक प्रकाराला ओळीतली सलग सहा झाडे द्या. टोकाची दोन सोडून मधली चारच मोजा, कारण टोकांवर शेजारचा फवारा उडतो. शेजारी-शेजारी ओळी असतील तर मधे एक ओळ मोकळी ठेवा. म्हणजे ९० झाडे फवारायची आणि ६० मोजायची. साडेचार बाय तीन मीटरवर लागण असेल तर एकरात सुमारे ३०० झाडे बसतात, तेव्हा मोकळ्या ओळी न धरता जागा तिसऱ्या हिश्श्याहून कमीच लागेल.

झाडाला फक्त क्रमांकाची पट्टी बांधा, कुठला क्रमांक कुठल्या औषधाचा ही यादी घरात ठेवा. फळे मोजायला ती यादी न पाहिलेला माणूस बोलवा. प्रत्येक झाडावरची एकूण फळे आणि डाग असलेली फळे, दोन्ही लिहायची. एक डागही रोगी धरायचा, हे आधी ठरवा आणि मधे बदलू नका. फवारणीची तारीख आणि त्या आठवड्यातला पाऊस लिहा.

पाचही पट्ट्यांत नवे औषध सरस ठरले तर दखल घ्यावी. तीनांत सरस आणि दोनांत मागे असेल तर तो योगायोगही असू शकतो. एका बहारावर पूर्ण बाग लावू नका, दुसऱ्या बहारात पुन्हा बघा. नोंदी घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात गेलात तर अशा वहीवर बोलणे सोपे जाते. आणि निकाल औषधाच्या विरुद्ध गेला तरी ती वही फाडू नका. न जमलेले प्रयोग कुणी छापत नाही, म्हणूनच पत्रकांत सगळे ८० टक्के दिसते.

माझ्या शोधनिबंधावर विभागप्रमुखांचे नाव घालावे लागते. त्यांनी काहीच केलेले नाही. नकार दिला तर तीन वर्षे जातील.
(संशोधक, सोलापूर)

आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या समितीचे चार निकष आता इतर शाखांतही मानले जातात : कल्पना, आखणी, माहिती गोळा करणे किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि निबंधातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही हवेत. पैसा आणला, जागा दिली, यंत्र वापरू दिले एवढ्यासाठी आभार मानायचे असतात.

तुमची अडचण खरी आहे, आणि एकट्या विद्यार्थ्याने लढावे असा सल्ला देणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. एक मार्ग आहे. बरीच नियतकालिके प्रत्येक लेखकाने काय केले याचे निवेदन मागतात, त्यासाठी चौदा भूमिकांची ठरलेली यादी आहे. तो कोरा तक्ता नम्रपणे सरांसमोर ठेवा : 'सर, तुमच्या नावापुढे काय लिहू?' काही जण तिथेच नाव मागे घेतात. काही जण खरोखर मसुदा वाचून दुरुस्त्या देतात, मग निकष पुरे होऊ लागतात. पुढच्या निबंधासाठी काम सुरू होतानाच लेखक आणि क्रम ईमेलवर ठरवून घ्या, आणि काम बदलले तर क्रमही बदलेल असे त्यातच लिहा.

विभागप्रमुखांनीही हे वाचावे. पंजाब विद्यापीठातले विश्वजीत गुप्ता हिमालयातले म्हणून जे जीवाश्म मांडत होते, ते जगाच्या दुसऱ्या भागांतले असल्याचे ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातून दाखवले. नमुना कुठे सापडला हे स्वतः न पाहता ज्यांनी निबंधावर नाव दिले, त्या सहलेखकांची नावेही त्या निबंधांवर कायमची राहिली. निबंधावर नाव आले की त्यातल्या खोटेपणाचा जाबही आपल्याला विचारला जातो.

दोन वर्षांपूर्वी छापलेल्या माझ्या निबंधात एक्सेलच्या सूत्रात चूक सापडली. एक रांग धरलीच गेली नव्हती. कुणाच्या लक्षात आलेले नाही. आता काय करू?
(प्राध्यापिका, पंढरपूर)

प्रथम मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर सूत्र दुरुस्त करा आणि सगळे तक्ते नव्याने काढा. जमल्यास सहकाऱ्याकडून तेच विश्लेषण स्वतंत्रपणे करून घ्या. मग सहलेखकांना जुने आणि नवे आकडे शेजारी-शेजारी ठेवून कळवा, उत्तराला आठवड्याची मुदत द्या. आकडे बदलले पण निष्कर्ष टिकला तर संपादकांकडे शुद्धिपत्र मागा. निष्कर्षच कोसळला तर निबंध मागे घेण्याची विनंती स्वतः करा.

मागे घेणे म्हणजे बेअब्रू असे आपल्याकडे धरून चालतात, ते बरोबर नाही. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ ला आलेला आपल्या प्रयोगशाळेचा निबंध जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला. प्रयोग पुन्हा तसा येत नव्हता, आणि महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी वहीत नव्हत्या. त्यांनी ते स्वतःहून जाहीर केले आणि माफी मागितली. लोकांनी त्याचा आदरच केला.

संपादकांना लिहायच्या पत्रात चार गोष्टी पुरतात : चूक कुठल्या तक्त्यात, कशी झाली, दुरुस्तीनंतर कुठला आकडा काय झाला, आणि सर्व सहलेखक सहमत आहेत का. दुरुस्त फाइल सोबत जोडा. त्या निबंधाचा आधार घेऊन कुणी विद्यार्थी सध्या काम करत असेल, तर शुद्धिपत्र छापून येण्याची वाट न बघता त्याला आजच फोन करा.